जुना संगणक टाकूं नका

विंडोज १० च्या नेहमींच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या. तेव्हां धडधाकट संगणक अडगळींत टाकावा कीं काय, असा प्रश्न आमच्या पळसदेवासारख्या गांवींहि कित्येकांस पडतो. आम्ही म्हणतों, टाकूं नये. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा रचिला व तो दडवून न ठेवितां सर्वांस खुला केला. त्यावर उभारलेली 'मिंट'सारखी प्रणाली विनामूल्य मिळते व बऱ्याच जुन्या यंत्रांवरहि चालते. लिब्रेऑफिसांत मराठी पत्रव्यवहार व घरचा जमाखर्च सुखानें होतो. मात्र टॅलीसारखे कांहीं कार्यक्रम विंडोजसाठींच रचलेले असतात. म्हणून प्रथम पेनड्राइव्हवरून ती चालवून आपलीं कामें होतात कीं नाहीं तें पाहावें. तेवढ्यानें संगणकांतील कांहीं पुसलें जात नाहीं. विद्या दिल्यानें वाढते, हें मुलांस दाखविण्यास याहून चांगलें उदाहरण कोणतें?