तबकडी नवी, चित्र कोणते?

घरात मोठा टीव्ही आला की त्याच्या मागोमाग एक वादही येतो. मुलगा म्हणतो, "बाबा, त्या जुन्या डीव्हीडी आता रद्दीत काढा. एचडीपुढे त्या बघवत नाहीत." बाबा म्हणतात, "मला तर दोन्ही सारखेच दिसते." आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, "पण लावताय काय, ते तरी सांगा!" तिघांत आईचा प्रश्न सर्वांत मुद्द्याचा आहे. तो का, हे पाहण्याआधी बापलेकांच्या भांडणाचा निकाल लावू.

टीव्हीवरचे चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखे असते. ठिपके जास्त आणि जवळजवळ असले की मोर रेखीव उतरतो. नव्वदीच्या अखेरीस आपल्या घरांत व्हीसीडी शिरली, तिच्यात आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके होते. म्हणजे सगळे मिळून सुमारे एक लाख. डीव्हीडीने ते ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आसपास नेले. २००६ साली बाजारात आलेल्या ब्लू-रे तबकडीवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके मावतात. डीव्हीडीच्या बरोबर पाचपट. २०१६ पासूनच्या फोर-के तबकडीवर तर त्र्याऐंशी लाखांच्या घरात.

हिशेब असा चोख असला तरी डोळा हिशेब मानत नाही. व्हीसीडीकडून डीव्हीडीकडे आलो तेव्हा कुणाला समजावून सांगावे लागले नव्हते. व्हीसीडीत चित्र इतके दाबून बसवलेले असे की पावसाचे किंवा नाचाचे दृश्य आले की पडदाभर चौकोन उमटत. पुढची पायरी तशी हळू आवाजातली आहे. ठिपके पाचपट झाले, पण उंचीतल्या ओळी ५७६ वरून १०८० वर गेल्या. म्हणजे दुपटीहूनही थोड्या कमीच.

त्यात भर बसण्याच्या जागेची. निरोगी डोळ्याला साधारण अकरा फुटांवरून एक मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. त्याहून जवळचे ठिपके एकात मिसळतात. हे माप बत्तीस इंची टीव्हीला लावले तर आठ फुटांपलीकडून डीव्हीडीच्याच ओळी सुट्या दिसत नाहीत. मग त्याहून बारीक ओळी असून काय उपयोग? ब्लू-रेचे पुरते मोल वसूल करायचे तर चार फुटांपर्यंत पुढे सरकावे लागेल. पंचावन्न इंची टीव्हीला हीच अंतरे अंदाजे तेरा आणि सात फूट होतात. आपल्या दिवाणखान्यात टीव्ही आणि सोफा यांत दहाएक फूट असतात. तेव्हा बत्तीस इंचीवर बाबा बरोबर आणि पंचावन्न इंचीवर मुलगा बरोबर. आजोबांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे असेल, तर त्यांना या वादात ओढू नये.

दोन घरगुती गोष्टीही तपासाव्यात. प्लेअर आणि टीव्ही पिवळ्या टोकाच्या जुन्या वायरीने जोडले असतील तर तबकडी कितीही भारी असो, एचडी चित्र त्या वायरीतून येतच नाही. त्याला एचडीएमआय केबल लागते. आणि जुना चित्रपट रुंद पडद्यावर ताणून लावला तर सडपातळ माणसेही गोलमटोल दिसतात. रिमोटवर ४:३ चा पर्याय असतो, तो निवडावा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, पण माणसे मूळच्या अंगकाठीची होतील.

आता आईचा प्रश्न. लावताय काय?

समजा, ‘संत ज्ञानेश्वर’ लावला. आम्हा नगरकरांना या चित्रपटाबद्दल दुहेरी जिव्हाळा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आपल्या नेवाशात, आणि दामले-फत्तेलाल यांच्या या १९४० च्या ‘प्रभात’ चित्रपटात मोठेपणीचे ज्ञानेश्वर झाले ते शाहू मोडक. १९१८ साली अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला हा नट. पडद्यावर कृष्ण म्हणून तो घरोघर पोचला. त्याआधी १९३९ च्या ‘माणूस’मध्ये शांताराम बापूंनी त्याला पोलिसाच्या गणवेशात उभे केले होते. हा मोडकांचा चेहरा ब्लू-रेवर अधिक स्वच्छ दिसेल का?

उत्तर तबकडीत नाही. तबकडी ज्या प्रतीवरून काढली, तिच्यात आहे. बँकेतल्या नोकरीत कर्जाच्या कागदांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स मी पुष्कळ पाहिल्या. सही पुसट असली तर गुळगुळीत कागद वापरून ती ठळक होत नाही. चित्रपटाचेही तेच. त्या काळचे चित्रपट ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर घेतले जात, आणि चांगल्या अवस्थेतल्या मूळ निगेटिव्हमध्ये एचडीत मावणार नाही इतका बारकावा असतो. पण तंबूतंबूंतून फिरून ओरखडलेल्या प्रिंटवरून तबकडी काढली, तर ब्लू-रे आपल्याला फक्त ओरखडे पाचपट स्पष्ट दाखवील.

आणि मूळ फिल्म अमर नसते. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, ‘प्रभात’च्याच जुन्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या भांडाराला आग लागली आणि जुना मौल्यवान ठेवा जळाला. बऱ्याच चित्रपटांच्या दुय्यम प्रती आधीच करून ठेवल्या होत्या, म्हणून ते चित्रपट आज आपल्याला पाहता तरी येतात. पण जळालेल्या मूळ फिल्ममधला बारकावा कोणतेही यंत्र पुन्हा निर्माण करू शकत नाही.

थोडेफार उरले असेल तर मात्र काय करता येते, याचे उदाहरण सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे आहे. त्याची निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली. ते जळके तुकडे टाकून न देता जपले गेले. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत कारागिरांनी ते मऊ करून, हाताने सांधून, फोर-केवर उतरवले. जे गेले होते ते जगातल्या दुसऱ्या प्रतींवरून भरून काढले. २०१५ साली तो चित्रपट नव्याने लोकांसमोर आला. अपू-दुर्गाच्या काशफुलांचे तुरे आता वेगवेगळे दिसतात. अशा तबकडीत आणि जुन्या डीव्हीडीत फरक आहे का, हे विचारावेच लागत नाही. मागच्या खोलीतूनही तो कळतो.

आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या फिल्म स्कॅन करण्याचे काम सरकारी मोहिमेतून सुरू झाले. ते किती नेटाने चालते यावर मोडकांचे ज्ञानेश्वर आपल्या नातवंडांना कसे दिसणार हे ठरेल. टीव्हीच्या दुकानातल्या सवलतीवर नव्हे.

आणि घरातले? त्या जुन्या डीव्हीडी रद्दीत काढू नयेत. मराठी चित्रपट ब्लू-रेवर क्वचितच आले. कित्येकांची तुमच्या कपाटातली डीव्हीडी हीच आज सहज हाती असलेली बरी प्रत आहे. लग्नाची, मुंजीची व्हीएचएस कॅसेट माळ्यावर असेल तर ती एचडीत करून देतो म्हणणाऱ्याला जादा पैसे देऊ नयेत. त्या फितीत तेवढा बारकावा मुळातच नाही. पण बुरशी चढण्याआधी ती संगणकावर उतरवून दोन ठिकाणी जरूर ठेवावी. त्या पुसट चित्रात पाटावर बसलेली आजी असते, आणि तिची दुसरी प्रत कुठल्याही संग्रहालयात मिळणार नाही.