दुप्पट, पण कशाच्या?

‘गर्भनिरोधक गोळ्यांनी हार्ट अटॅकचा धोका दुप्पट होतो.’ हा मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतच असतो, आणि वैताग याचा, की तो धड खोटाही नाही. दुप्पट होतो, पण मुळात किती होता ते कोणी विचारत नाही.

डेन्मार्कमधल्या वीस लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास 2025 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. हार्मोनची कोणतीच साधनं न वापरणाऱ्या लाखभर स्त्रियांत वर्षाकाठी सुमारे 8 जणींना झटका येतो. इस्ट्रोजेन असलेली गोळी घेणाऱ्यांत 18 जणींना. म्हणजे दहा हजार जणींनी वर्षभर गोळी घेतली, तर एक झटका जास्तीचा. मेसेजमधून नेमकं हेच गळतं.

अशा अर्धवट माहितीने काय होतं ते ब्रिटनने पाहिलंय. काही नव्या गोळ्यांनी शिरांत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तिथल्या औषध सुरक्षा समितीने ऑक्टोबर 1995 मध्ये दिला. प्रत्यक्षात सात हजारांत एकीऐवजी दोघी. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले. वर गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो, ते वेगळंच.

मग गोळी सगळ्यांनी बिनधास्त घ्यावी? मुळीच नाही. पस्तिशी उलटलेली आणि सिगारेट ओढणारी, रक्तदाब वाढलेली, अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकणारी, अशा स्त्रियांसाठी ही गोळी नाही. दुकानदार पाकीट देतो, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजत नाही. तो आधी मोजून घ्या.

‘सगळ्या गोळ्या सारख्याच.’ नाहीत. 1960 च्या अमेरिकी एनोव्हिडमध्ये 0.15 मिलिग्रॅम इस्ट्रोजेन होतं. माला-डीच्या गोळीत 0.03 असतं, आणि पाकिटातल्या 28 पैकी 7 तर नुसत्या लोहाच्या. ‘छाया’त हार्मोनच नाही.

‘गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे गर्भनिरोधकच.’ नव्हे. ते नॉरएथिस्टेरॉन; तशा डोसने गर्भ राहणार नाही, या भरवशावर राहू नका. त्यातला थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन बनतो, तेव्हा पूर्वी पायात गुठळी झालेली असेल तर शेजारणीच्या सल्ल्याने ती घेऊ नका.