एकमताची उंची

१५१६ साली थॉमस मोर या इंग्रज लेखकानं कल्पनेतून एक आदर्श देश उभा केला. नाव युटोपिया. शहरं ५४. प्रत्येक शहरात कुटुंबं ६,०००. कुटुंबात प्रौढ माणसं कमीत कमी १०. करा गुणाकार! ३२ लाख ४० हजार.

आता २०११ ची जनगणना उघडा. चंद्रपूर जिल्हा २२,०४,३०७. गडचिरोली १०,७२,९४२. बेरीज ३२,७७,२४९. फरक जेमतेम ३७ हजारांचा, म्हणजे गर्दीच्या वेळच्या सात-आठ लोकलमध्ये भरून संपेल एवढा! मोरच्या आकड्यात पोरंबाळं धरलेली नाहीत, हे कबूल. पण पाचशे वर्षांपूर्वी लंडनच्या त्या वकिलानं नकळत आपल्या दोन जंगली जिल्ह्यांएवढा देश कल्पिला, याची गंमत काही कमी होत नाही.

युटोपिया या शब्दाचा अर्थच ‘कुठेच नसलेली जागा’. आपण जाणार आहोत तिथे मात्र डांबरी रस्ता जातो. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघायचं, तीसेक किलोमीटरवर उतरायचं. मेंढा (लेखा). गोंड आदिवासींचं गाव. घरं शंभराच्या आसपास, माणसं पाचशेच्या आतबाहेर. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार असेल, पण आमच्या गावात आम्हीच सरकार, असं हे गाव गेली कित्येक वर्षं म्हणत आलंय.

पाचशे माणसं म्हणजे किती? बारा डब्यांच्या लोकलचा सकाळचा एक डबा ठासून भरला की चारशे माणसं मावतात. म्हणजे हा अख्खा ‘देश’ सव्वा डब्यात बसतो! आणि लोकसभेचे खासदार किती? ५४३. मेंढ्याची सगळी प्रजा गोळा केली, पाळण्यातली बाळंसुद्धा मोजली, तरी लोकसभेतली काही बाकं रिकामीच राहतील.

आता या सव्वा डब्याकडे जमीन किती ते ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, १,८०९.६१ हेक्टर जंगलावर. एकरांत जवळपास ४,४७०. दादरच्या शिवाजी पार्कसारखी १६० मैदानं! पोपचं व्हॅटिकन शहर त्यात चाळीसेक वेळा मावेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. त्याच्या लांबीभर हे जंगल चटईसारखं उलगडत गेलात, तर कळंबोलीपासून देहूरोडपर्यंत १९० मीटर रुंदीचा हिरवा पट्टा होईल. घाट, बोगदे, टोलनाके, सगळं त्याखाली गडप!

माणशी वाटलं तर नऊ एकर. मुंबईत हाच भागाकार केला तर माणशी ४८ चौरस मीटर येतात, तेही रस्ते, तलाव, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, सगळं त्यात धरून. म्हणजे मेंढ्याच्या एका माणसामागे साडेसातशे मुंबईकरांची जागा आहे. (हा भागाकार मेंढ्यात कुणी करत नाही. जंगल सगळ्यांचं, वाटण्याचा प्रश्नच येत नाही. भागाकाराची खोड आपली, शहरवाल्यांची.)

आणि पाणी! या जंगलावर फक्त एक मिलिमीटर पाऊस पडू द्या, नखाच्या जाडीएवढा. झाले १ कोटी ८१ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे १,८०९ टँकर. हेक्टरमागे बरोबर एक टँकर, आकडा तोच! सहा मीटर व्यासाच्या, बारा मीटर खोल विहिरी घेतल्या तर ५३ विहिरी काठोकाठ भरतील. हे एका मिलिमीटरचं झालं. पावसाळाभराचे हात आखडून १,३०० मिलिमीटर धरू. ६९ हजार विहिरी! मेंढ्याच्या घरटी ६९० विहिरी. अर्थात त्यातलं बरंचसं पाणी झाडं पितात, काही नाल्यांतून नदीला जातं, पण आभाळानं दिलं एवढं खरं.

जंगल मिळालं, तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. ४,४७० एकरांचा मालक, पण हातभर पुस्तकापुढे अडलेला! २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर बांबूचा हिशोब लाखांतून कोटीच्या घरात गेला. एक कोटी रुपये म्हणजे? रुपयाचं नाणं दीड मिलिमीटर जाड धरा आणि एकावर एक रचा. पंधरा किलोमीटर. एव्हरेस्ट मागे टाकून पुन्हा त्यावर सहा किलोमीटर! हा नाण्यांचा मनोरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेंढ्याच्या मागून बाकीचेही आले. चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये १,००६ हेक्टर मिळाले. त्यातले ३४ हेक्टर त्यांनी चक्क देवराईसारखे राखून ठेवले. एकट्या गडचिरोलीत सामूहिक वनहक्काखाली आलेलं जंगल चार लाख हेक्टरांहून जास्त आहे. अख्ख्या गोव्याहून मोठं! मघाच्या द्रुतगती मार्गावर अंथरलं तर पट्टा ४२ किलोमीटर रुंद होईल.

मग सगळा भारतच मेंढा का करू नये? करून पाहू. १४० कोटी माणसं, गावाला पाचशे, म्हणजे २८ लाख मेंढे. प्रत्येकाला १८.१ चौरस किलोमीटर जंगल. एकूण ५ कोटी चौरस किलोमीटर. भारत किती? ३३ लाखांच्या आत. पंधरा भारत लागतील! अख्खा आशिया खंड दिला तरी पुरायचा नाही. तेव्हा जंगलाची नक्कल विसरा.

पण मेंढ्याची खरी अचाट गोष्ट जंगल नाहीच. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमतानं होत नाही. सर्वसहमतीनं होतो. एकाचं जरी मन वळलं नाही, तरी विषय पुढच्या बैठकीला. २०१३ मध्ये गावानं ग्रामदानाचं ठरवलं, आपापल्या नावावरची शेतजमीन ग्रामसभेची करायचं ठरवलं, तेही असंच बसून, बोलून. आपल्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावर एकमत झालेलं कुणी पाहिलंय?

घरटी एक, अशी शंभर माणसं बैठकीला बसलीत असं समजा. आणि घटकाभर समजा की कुणी कुणाशी बोलत नाही, प्रत्येक जण मनातल्या मनात नाणं उडवून हो किंवा नाही ठरवतो. सगळ्यांचंच ‘हो’ यायची शक्यता किती? दोन माणसं असतील तर चारांत एक. दहा असतील तर १,०२४ मध्ये एक. तेवढी नाणी रचा, दीड मीटरचा मनोरा होईल, आणि त्यातलं खूण केलेलं एकच नाणं डोळे मिटून उचलायचं. जमेल एखाद्या वेळी.

वीस माणसं. मनोरा दीड किलोमीटर.

तीस. १,६०० किलोमीटर, मुंबई-पुणे पाच वेळा जाऊन-येऊन!

चाळीस. साडेसोळा लाख किलोमीटर. चंद्रावर जाऊन परत, पुन्हा जाऊन परत, आणि वर थोडी नाणी शिल्लक.

पन्नास. १६९ कोटी किलोमीटर. सूर्यापासून शनी जेवढा दूर, त्याच्याही पलीकडे. आणि गाव अजून अर्धंच बसलंय!

सत्तर. आता किलोमीटर पुरत नाहीत. १८७ प्रकाशवर्षं.

ऐंशी. आपली आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद म्हणतात. मनोरा एक लाख नव्वद हजार प्रकाशवर्षांचा.

नव्वद. साडेएकोणीस कोटी.

शंभर. वीस हजार कोटी प्रकाशवर्षं! खगोलशास्त्रज्ञ सांगतात की दिसू शकणारं सगळं विश्व या टोकापासून त्या टोकापर्यंत ९,३०० कोटी प्रकाशवर्षांचं आहे. म्हणजे मनोरा विश्व ओलांडून गेला, पुन्हा तेवढाच गेला, आणि तरी नाणी उरली. त्यातलं एक नाणं, डोळे मिटून.

नुसत्या नाण्यांवर सोडलं असतं तर मेंढ्यात विश्वाच्या अंतापर्यंत एक ठराव झाला नसता. पण माणसं म्हणजे नाणी नव्हेत. ती भांडतात, उठून जातात, रात्री घरी जाऊन विचार करतात, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला पुन्हा विचारतात. अभ्यास गटात बसून एकेक शंका सोलून काढतात. बैठकीमागून बैठक होते, आणि वीस हजार कोटी प्रकाशवर्षांचा मनोरा वितावितानं खाली येत राहतो. एका संध्याकाळी तो पार जमिनीला टेकतो. शेवटची मान हलते. ठरलं!

आणि तेवढ्यात, रानातून यायला उशीर झालेला एकशे एकावा माणूस दार लोटून आत येतो. काय ठरलं म्हणून विचारतो. त्याला जागा करून देतात.

मनोरा दुप्पट.