टॅरोचे पत्ते, राशिचक्र आणि सावंतवाडीची गंजिफा

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, भविष्यकथनाच्या ज्या पाट्या आढळतात त्यांवर ‘ज्योतिष’ या शब्दाशेजारी ‘टॅरो’ हा शब्द आता सर्रास दिसतो. दोन्ही एकाच शास्त्राच्या शाखा असाव्यात, अशी समजूत त्यामुळे होते. हा संबंध मुळातला आहे की मागाहून जोडलेला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. त्यांपैकी ५६ पत्ते आपल्या परिचयाच्या पत्त्यांसारखेच चार रंगांत विभागलेले असतात: दंड, चषक, खड्ग आणि नाणी. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा व दरबारी चार, अशी चौदा पाने. उरलेली २२ पाने सचित्र असून त्यांवर सम्राट, दैवचक्र, मृत्यू, मनोरा, सूर्य अशी चित्रे असतात. हा संच पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निर्माण झाला, तो खेळण्यासाठी. ही २२ पाने म्हणजे त्या खेळातील कायमचे हुकूम होत. तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या खेळाचा इतिहास इतक्या तपशिलाने मांडला आहे, की टॅरोचा उगम गूढविद्येत शोधण्यास आता आधार उरलेला नाही.

गूढार्थाची कथा सुरू होते १७८१ साली. कूर द जेबेलँ या फ्रेंच पंडिताने ही पाने म्हणजे प्राचीन ईजिप्तच्या ज्ञानाचा लुप्त ग्रंथ होय, असे प्रतिपादिले. तेव्हा ईजिप्तची चित्रलिपी कोणासही वाचता येत नव्हती; शांपोल्यों याने ती उलगडली १८२२ मध्ये, आणि तीत पत्त्यांचा मागमूस नव्हता. पण कल्पना रुजली होती. १८५० नंतरच्या दशकात एलिफास लेव्ही याने २२ पाने आणि हिब्रू वर्णमालेची २२ अक्षरे यांची सांगड आपल्या पद्धतीने पक्की केली. ‘सेफर येत्झिरा’ या जुन्या हिब्रू ग्रंथात या अक्षरांची विभागणी तीन मूलतत्त्वे, सात ग्रह आणि बारा राशी अशी केलेली आहे. ३ + ७ + १२ = २२. १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या मंडळाने हीच विभागणी पत्त्यांवर आरोपित केली, आणि टॅरो ज्योतिषाशी जोडला गेला तो मुख्यतः येथे.

या जोडणीचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होते. ‘चंद्र’ नावाचे पान चंद्राला मिळालेले नाही. ते मीन राशीला गेले, आणि चंद्र ग्रह ‘महापुजारीण’ या पानाकडे आला. चित्रातील अर्थाने नव्हे, तर अक्षरांच्या क्रमाने हे ठरले. जेथे क्रम जुळेना तेथे पत्तेच हलविले गेले. सिंहिणीशी वा सिंहाशी झुंजणारे ‘सामर्थ्य’ हे पान अकरावे आणि तराजू धारण करणारा ‘न्याय’ आठवा होता; सिंह व तूळ आपापल्या जागी पडाव्यात म्हणून त्यांची अदलाबदल करण्यात आली. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या संचात हा बदल कायम झाला, आणि आज सर्वाधिक प्रचारात असलेला संच तोच होय.

भारतीय ज्योतिषाच्या अभ्यासकास अधिक विचारप्रवर्तक वाटेल ती छोट्या पानांची व्यवस्था. चार रंगांतील दुरीपासून दश्शीपर्यंतची पाने ३६ भरतात, आणि राशिचक्राचे दहा-दहा अंशांचे भागही ३६ आहेत. हेच आपले द्रेष्काण. हा शब्दच ग्रीक ‘देकानोस’पासून आलेला आहे, आणि वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त प्रत्येक द्रेष्काणाचे रूपवर्णन दिलेले आहे. दुरी, तिरी, चौकी ही चर राशींना, पंजी, छक्की, सत्ती स्थिर राशींना व उरलेली तीन द्विस्वभाव राशींना दिलेली आहेत; अग्निराशींना दंड, जलराशींना चषक. येथवर दोन्ही परंपरा हातात हात घालून चालतात. द्रेष्काणाचे स्वामी ठरविताना मात्र त्या दुरावतात. वराहमिहिराच्या मते मेषेचे तीन स्वामी मंगळ, रवी, गुरू, म्हणजे ती राशी, तिच्यापासून पाचवी आणि नववी यांचे अधिपती. टॅरोत ते मंगळ, रवी, शुक्र आहेत, कारण तेथे शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र हा खाल्डियन क्रम अखंड फिरविलेला आहे. ३६ ला सातने भागता एक उरतो. म्हणून मीनेचा अंत आणि मेषेचा आरंभ दोन्ही मंगळाकडे येतात.

याहून व्यावहारिक अडचण अयनांशांची आहे. टॅरोची राशिव्यवस्था सायन, आपली पंचांगे निरयन. अंतर सुमारे २४ अंशांचे. १ एप्रिलला जन्मलेल्या व्यक्तीचा रवी सायन गणिताने मेषेच्या दुसऱ्या द्रेष्काणात येतो. तिचे पान ‘सम्राट’ व दंडाची तिरी. निरयन गणिताने तोच रवी मीनेत. पान ‘चंद्र’ व चषकांची नव्वी. एकाच बैठकीत पंचांगावरून पत्रिका आणि पाश्चात्त्य पुस्तकावरून पत्ते वाचणारा या दोहोंचा मेळ कसा घालतो, हे विचारण्यासारखे आहे.

पत्ते आणि ग्रह यांचा संबंध आपल्याकडेही होता. पण तो निराळ्या जातीचा. सावंतवाडीची लाखेने रंगविलेली गोल गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी संचात दहा रंग व १२० पाने. नवग्रह गंजिफेत नऊ रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा, एकूण १०८ पाने. राहू-केतूंसह प्रत्येक ग्रह हा येथे एक रंग आहे, अर्थाचे चिन्ह नव्हे. (१०८ ही नवांशांचीही संख्या असल्याचे लगेच स्मरते, परंतु ९ गुणिले १२ चे उत्तर तेवढेच येणार, आणि अशा आकड्यांवर इमारत उभारणे म्हणजे जेबेलँचीच वाट धरणे होय.) दशावतारी खेळात दिवसा रामाची व रात्री कृष्णाची उतारी असते, एवढाच काय तो आकाशाशी संबंध. निम्म्या रंगांत पानांची प्रतवारी उलटी असते. आश्चर्य हे, की जुन्या टॅरो खेळातही चषक व नाणी या रंगांत लहान पान मोठ्यास मारते. दोन्ही खेळांचे दूरचे नाते असलेच तर ते येथे, खेळाच्या नियमांत शोधावे लागेल. सावंतवाडीची ही कला लुप्तप्राय झाली असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना आश्रय देऊन १९७० नंतरच्या दशकात तिला पुन्हा उभे केले.

पद्धतीचा भेद मात्र नजरेआड करता येत नाही. एकाच वेळेची, एकाच स्थळाची पत्रिका दोन ज्योतिष्यांनी मांडली तर, अयनांश एकच धरल्यास, ग्रह एकाच जागी येतात; मतभेद होतो तो फलिताविषयी. म्हणूनच जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांना २०० पत्रिका घेऊन ज्योतिष्यांच्या भाकितांची संख्याशास्त्रीय चाचणी घेता आली. उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिष्यांचे यश ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकेच निघाले. टॅरोत पत्ते पिसल्यावर तीच पाने पुन्हा येण्याची हमी नाही. जवळची उपमा द्यावयाची तर प्रश्नकुंडलीची देता येईल. परंतु प्रश्नाचा क्षण घड्याळावर नोंदविता येतो आणि त्यावरून कुंडली पुन्हा मांडता येते, पिसलेला संच तसा मांडता येत नाही.