विश्लेषण : ‘गॅसलायटिंग’ शब्द ज्या चित्रपटातून आला, त्यातला दिवा नेमका कोणाच्या बाजूने होता?

‘मी असे बोललोच नव्हतो’, ‘तुला हल्ली काही आठवत नाही’, ‘तू उगाच कल्पना करतेस’... समोरच्याचा स्वत:च्याच डोळ्यांवरचा आणि स्मरणशक्तीवरचा विश्वास उडेल, अशा रीतीने त्याच्याशी सतत खोटे वागणे म्हणजे ‘गॅसलायटिंग’. अमेरिकेतील मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने २०२२ साली या शब्दाला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. त्या वर्षी कोशाच्या संकेतस्थळावर या शब्दाचा शोध १७४० टक्क्यांनी वाढला होता. आता तो कौटुंबिक भांडणापासून राजकीय आरोपांपर्यंत सर्वत्र वापरला जातो. मात्र तो ज्या जुन्या ब्रिटिश रहस्यनाट्यातून आला, त्यात दिव्याची गोष्ट सर्रास सांगितली जाते त्याच्या जवळपास उलटी आहे. ती समजून घेतली, तर शब्दाचा अर्थही अधिक नेमका होतो.

मूळ कथा काय आहे?

ब्रिटिश लेखक पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅस लाइट’ हे नाटक डिसेंबर १९३८ मध्ये लंडनजवळच्या रिचमंड येथील नाट्यगृहात प्रथम सादर झाले. १९४० मध्ये थोरोल्ड डिकिन्सन यांनी त्यावर ब्रिटनमध्ये ‘गॅसलाइट’ हा चित्रपट केला आणि १९४४ मध्ये हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीने जॉर्ज क्युकर यांच्या दिग्दर्शनाखाली त्याच नावाने तो पुन्हा केला. नाटक आणि दोन्ही चित्रपटांत पात्रांची नावे आणि तपशील बदलतात. पण गाभा एकच. लंडनमधील एका घरात एका स्त्रीचा खून झालेला असतो. तिच्या मौल्यवान रत्नांसाठी तो झालेला असतो. पण खुन्याला ती सापडलेली नसतात. काही वर्षांनी तोच माणूस नाव बदलून, नव्या पत्नीसह त्याच घरात राहायला येतो. रोज संध्याकाळी कामाचे निमित्त सांगून तो बाहेर पडतो आणि शेजारच्या रिकाम्या घरातून, छपरावरून आपल्याच घराच्या बंद ठेवलेल्या वरच्या मजल्यावर उतरून रत्ने शोधत राहतो. पत्नीला संशय येऊ नये आणि आलाच तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवू नये, यासाठी तो तिला वेडी ठरवू लागतो.

दिवा मंद का होतो?

‘नवरा मुद्दाम घरातले दिवे मंद करतो आणि पत्नीने विचारले की दिवे तर होते तसेच आहेत असे सांगतो’, असा या कथेचा सारांश अनेक ठिकाणी दिला जातो. कथेत मात्र तसे नाही. त्या काळी घरातल्या सगळ्या दिव्यांना एकाच नळातून गॅस मिळत असे. एका खोलीत नवा दिवा लावला, की दाब विभागला जाऊन इतर खोल्यांतील ज्योती थोड्या खाली जात. नवरा वरच्या मजल्यावर शोधासाठी दिवा लावतो, तेव्हा खाली पत्नीच्या खोलीतला दिवा मंद होतो. तो परतण्याच्या सुमारास पुन्हा मोठा होतो. ही नवऱ्याची खेळी नाही, ती त्याची चूक आहे.

नवऱ्याने लपवलेल्या वस्तू खोटे बोलतात. दिवा मात्र खरे बोलतो. पत्नी जे पाहते ते प्रत्यक्ष घडत असते. पण एव्हाना स्वत:वरचा तिचा विश्वास इतका खचलेला असतो, की समोर दिसणारा पुरावाही तिला आपल्या आजाराचे लक्षण वाटतो. कोणाला सांगावे, तर आणखी एक भ्रम म्हणून त्याची नोंद होईल, ही धास्ती वेगळीच. ‘गॅसलायटिंग’चा खरा अर्थ इथे आहे. निव्वळ खोटे बोलणे हा त्याचा एक भाग झाला. खरे काय ते ओळखण्याची समोरच्याची क्षमताच निकामी करणे हा त्याचा गाभा.

सुरुवात प्रेमाने का होते?

१९४४ च्या चित्रपटात हा प्रवास सर्वांत सविस्तर येतो. पॉला ही खून झालेल्या गायिकेची भाची. मावशीच्या मृत्यूनंतर ती इटलीत गाणे शिकत असते. तेथे ग्रेगरी नावाचा पियानोवादक तिच्या प्रेमात पडल्याचे भासवतो आणि अवघ्या दोन आठवड्यांच्या ओळखीत लग्न होते. लंडनमधल्या एखाद्या शांत चौकात घर असावे, असे आपले जुने स्वप्न असल्याचे तो सहज बोलून जातो. पॉलाला मावशीचे तसेच घर वारशाने मिळालेले असते. ज्या घराच्या आठवणीने तिचा थरकाप होतो, त्या घरात ती केवळ त्याच्या सुखासाठी परतते. निर्णय आपलाच, असे तिला वाटते.

त्यानंतरच्या पायऱ्या लहान लहान आहेत. मावशीचे सामान माळ्यावर टाकून दार बंद केले जाते. ग्रेगरी तिला एक ब्रोच देतो, ‘तू वस्तू हरवतेस’ असे हसत हसत म्हणतो आणि तो ब्रोच नाहीसा होतो. भिंतीवरचे चित्र गायब होते आणि ते तिनेच लपवले असे ठरते. तिची तब्येत बरी नाही, असे सांगून भेटायला येणाऱ्यांना परत पाठवले जाते. तिच्या देखत तरुण मोलकरणीशी लाडीगोडी केली जाते. शेवटी एका संगीताच्या मैफलीत, चारचौघांसमोर, हरवलेले घड्याळ तिच्याच पिशवीत ‘सापडते’ आणि ती कोसळते. यातली कोणतीही एक घटना पोलिसांत सांगण्याजोगी नाही. सगळ्या मिळून मात्र एका माणसाला संपवण्यास पुरेशा आहेत.

या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. कृष्णधवल चित्रपटांच्या गटात कलादिग्दर्शनाचा पुरस्कारही याच चित्रपटाला मिळाला. उद्धट मोलकरीण नॅन्सी साकारणाऱ्या अँजेला लॅन्सबरी यांचा हा पहिलाच चित्रपट. त्यांनाही नामांकन होते.

कथेसाठी १८८० चा काळच का?

हॅमिल्टन यांनी १९३८ मध्ये लिहिताना नाटक १८८० च्या लंडनमध्ये बेतले. गॅसचे दिवे आणि धुके यांमुळे रहस्याला पोषक वातावरण मिळते, हे खरेच. पण त्या काळचा कायदाही कथेला घट्ट बसतो. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला मालमत्तेवर स्वतंत्र आणि पूर्ण हक्क देणारा कायदा १८८२ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी १८८३ पासून लागू झाला. वेड्यांच्या रुग्णालयात दाखल करण्यासाठी नातेवाईकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रे पुरत. न्यायिक अधिकाऱ्याचा आदेश त्यासाठी १८९० च्या कायद्याने आवश्यक केला. म्हणजे ‘तुला वेड्यांच्या रुग्णालयात पाठवीन’ ही नवऱ्याची धमकी पोकळ नव्हती.

जॉर्जिना वेल्डन या गायिकेचे प्रकरण याच काळातले. १८७८ मध्ये विभक्त राहणाऱ्या पतीने त्यांना वेड्यांच्या रुग्णालयात दाखल करण्याची व्यवस्था केली. डॉक्टर खोटे निमित्त सांगून घरी येऊन त्यांना ‘तपासून’ गेले. न्यायला माणसे आली तेव्हा जॉर्जिना निसटल्या आणि आदेशाची मुदत संपेपर्यंत लपून राहिल्या. तोवर विवाहित स्त्रीला स्वत:च्या नावाने दावा लावणे अवघड होते. १८८२ च्या कायद्याने ते शक्य होताच त्यांनी संबंधित डॉक्टरांसह अनेकांना न्यायालयात खेचले आणि काही दावे जिंकलेही. त्यांची आणि नाटकातल्या पत्नीची गोष्ट एक नाही. पण नवरा, डॉक्टर आणि कायदा एका बाजूला असले, की शहाणी स्त्रीही किती एकटी पडू शकते, हे दोन्हींतून दिसते.

पहिला चित्रपट नष्ट करण्याचा प्रयत्न का झाला?

डिकिन्सन यांचा १९४० चा चित्रपट आटोपशीर आणि अधिक थंड आहे. त्यात नवऱ्याची भूमिका करणारे अँटन वॉलब्रुक मूळचे व्हिएन्नाचे. आई ज्यू असल्याने नाझी राजवटीत त्यांनी जर्मन चित्रपटसृष्टी सोडली आणि पुढे ते ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. त्यांचा नवरा आवाज न चढवता दहशत बसवतो. इथे प्रेमात पडण्याचा पूर्वार्ध नाही. पहिल्याच दृश्यात खून होतो आणि प्रेक्षकाला नवऱ्याविषयी लवकरच संशय येऊ लागतो. डायना विनयार्ड यांनी साकारलेली पत्नी बेला त्यामुळे अधिकच असहाय वाटते.

दरम्यान, हे नाटक अमेरिकेत ‘एंजल स्ट्रीट’ नावाने डिसेंबर १९४१ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि त्याचे १२९५ प्रयोग झाले. एमजीएमने चित्रपटाचे हक्क घेतले, तेव्हा आपल्या आवृत्तीला स्पर्धा नको म्हणून ब्रिटिश चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा प्रयत्न कंपनीने केला. डिकिन्सन यांनी गुपचूप एक प्रत काढून ठेवली होती, असे सांगितले जाते. तो चित्रपट वाचला आणि आज दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येतात.

शब्द वैद्यकशास्त्रात कसा आला?

१९६९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बार्टन आणि व्हाइटहेड या डॉक्टरांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच या नाटकाचे नाव होते. एखाद्या माणसाला दूर करण्यासाठी जवळच्यांनी तो मनोरुग्ण असल्याचा बनाव रचल्याच्या घटना त्यात नोंदवल्या होत्या. बळी ठरलेली व्यक्ती दरवेळी स्त्रीच होती, असेही नाही. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबिन स्टर्न यांच्या पुस्तकाने नातेसंबंधांच्या संदर्भात ही कल्पना सामान्य वाचकांपर्यंत नेली. २०१९ मध्ये समाजशास्त्रज्ञ पेज स्वीट यांनी मांडले, की हा प्रकार केवळ दोन माणसांच्या मनांतला खेळ नाही. स्त्रिया भावनिक असतात, त्यांना नीट कळत नाही, अशा समाजात आधीच रुजलेल्या समजुतींचा आणि सत्तेतील विषमतेचा आधार त्याला मिळतो.

मग प्रत्येक खोटे म्हणजे गॅसलायटिंग का?

नाही. दोघांना एकच प्रसंग वेगळा आठवू शकतो. चूक लपवण्यासाठी कोणी एकदा खोटे बोलू शकतो. मतभेद म्हणजेही गॅसलायटिंग नव्हे. कथेत पाच गोष्टी एकत्र येतात : आधी मिळवलेला विश्वास, मग इतरांपासून तोडणे, पुराव्यांत वारंवार केलेली ढवळाढवळ, समोरच्यावर वेडाचा शिक्का आणि या सगळ्यातून साधायचा स्वार्थ. प्रत्यक्षात दरवेळी रत्ने नसतात. घर, पैसा, मुलांचा ताबा किंवा निव्वळ वर्चस्व हाही स्वार्थ असतो. शब्द सरसकट वापरला, तर ज्यांच्यावर खरोखर ही वेळ आली आहे, त्यांच्याच तक्रारीची धार बोथट होते.

कायदा काय म्हणतो?

अनेक लहान कृत्ये मिळून एक गुन्हा होऊ शकतो, हे इंग्लंड आणि वेल्सने २०१५ मध्ये मान्य केले. ‘सीरियस क्राइम ॲक्ट’च्या कलम ७६ नुसार जवळच्या नात्यात सतत नियंत्रण ठेवणारे वा धाकात ठेवणारे वर्तन हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

भारतात ‘गॅसलायटिंग’ असा स्वतंत्र गुन्हा नाही. मात्र कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ हिंसाचाराच्या व्याख्येत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ नुसार पती वा त्याच्या नातेवाईकांनी मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोहोचवणारे हेतुपुरस्सर वर्तन केल्यास तीही क्रूरता ठरते. वेडाच्या शिक्क्याबाबतही सावधगिरी आहे. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. पण आजाराचे नाव सांगितले एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही, विकाराची तीव्रता सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता प्रकरणात स्पष्ट केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसारही, मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे ती व्यक्ती मनाने असमर्थ ठरली, असा अर्थ काढता येत नाही. तसे न्यायालयाने घोषित करावे लागते.

चित्रपटातली सुटका काय शिकवते?

पॉलाची सुटका औषधाने किंवा उपदेशाने होत नाही. स्कॉटलंड यार्डचा अधिकारी तिच्या खोलीत येतो. त्याच्या देखत दिवा मंद होतो आणि आपल्यालाही तो मंद झालेला दिसतो, असे तो सांगतो. त्या एका दुजोऱ्याने तिचे हरवलेले भान परत येऊ लागते. म्हणूनच संशय आल्यास घटना तारखेनिशी लिहून ठेवणे आणि विश्वासातील एका तरी बाहेरच्या माणसाला त्या सांगणे महत्त्वाचे ठरते.

शेवटच्या दृश्यात नवरा खुर्चीला बांधलेला असतो. दोर कापून सोडव, अशी गळ तो पॉलाला घालतो. त्यावर ती त्याचेच अस्त्र वापरते : आपण तर वेड्या, वेड्या बाईने कशी मदत करावी? चित्रपटभर चाचरत बोलणारी पॉला हे सारे न अडखळता बोलते.