मुरुड, लातूर, तेर : गावांच्या नावांविषयीचे काही गैरसमज

मुरुड हे नाव घेतले की महाराष्ट्रातील बहुतेकांना समुद्रकिनारा आणि सिद्दींचा जलदुर्ग आठवतो; परंतु लातूर तालुक्यातील मुरुड हे लातूर–बार्शी रस्त्यावरील बाजाराचे गाव असून, समुद्राची लाट त्याच्या आसपासही कुठे नाही. रायगड जिल्ह्यातील मुरुडला चिकटलेला ‘जंजिरा’ हा शब्द बेट या अर्थाच्या अरबी ‘जझीरा’वरून आलेला आहे आणि तो मुळात किल्ल्याचा आहे, गावाचा नव्हे. दापोली तालुक्यातील तिसरे मुरुड महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या बालपणामुळे ओळखले जाते. दोन मुरुडे किनाऱ्यावर आहेत एवढ्यावरून या नावातच समुद्र शोधणाऱ्यांना मराठवाड्यातील मुरुडचे काय करायचे, हे सांगता येत नाही.

नावाचा सहज सुचणारा अर्थ हाच त्याचा उगम, ही समजूत जगभर आढळते. फळीवर उभे राहून फुटत्या लाटेवरून घसरत जाण्याच्या खेळात, म्हणजे सर्फिंगमध्ये, हवाई बेटांतील ‘पाइपलाइन’ ही लाट विख्यात आहे. ती नळीसारखी पोकळ वळते म्हणून तिला हे नाव मिळाले, असे पाहणाऱ्यास वाटते; प्रत्यक्षात 1961 च्या सुमारास जवळच्या रस्त्यालगत जमिनीखाली नळ टाकण्याचे काम चालू होते आणि त्यावरून हे नाव सुचले, असे सांगितले जाते. कॅलिफोर्नियातील ‘मॅव्हरिक्स’ या लाटेला तर एका कुत्र्याचे नाव लाभले आहे.

लातूरविषयी ‘मूळ रत्नापूर, त्याचा अपभ्रंश लातूर’ ही उपपत्ती सर्रास ऐकू येते. लोकांनी ध्वनिसाम्यावरून मागाहून बसवलेल्या अशा स्पष्टीकरणास लोकव्युत्पत्ती म्हणतात. राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष याच्या नवव्या शतकातील शिलालेखांत त्याच्या बिरुदामध्ये ‘लट्टलूर’ हे नाव येते आणि अभ्यासकांनी सामान्यतः ते आजच्या लातूरशी जुळवलेले आहे. ‘ऊर’ म्हणजे गाव, हा कन्नडमध्ये आजही चालणारा शब्द त्यात स्वच्छ दिसतो. एवढे जुने रूप हाती असताना रत्नापूर हे आधीचे आणि लातूर हे नंतरचे, हा क्रम टिकत नाही. रत्नापूर हे संस्कृत वळणाचे गौरवनाम मानणेच अधिक सयुक्तिक ठरते. याच बिरुदावरून लातूर ही राष्ट्रकूटांची राजधानी होती असा दुसरा गैरसमज रुजला आहे. ‘लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा अधिपती’ असे म्हणवून घेणारा राजा आपले मूळ घराणे कोठले ते सांगत असे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, ही होती.

मुरुडपासून फार लांब नसलेल्या तेर या गावाचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील समुद्रव्यापाराच्या माहितीग्रंथात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे फार मोठे नगर असल्याचे आणि तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचे नमूद आहे. हे तगर कोणते, यावर एकोणिसाव्या शतकातील विद्वानांत बराच वाद झाला. कोणी देवगिरीचे, कोणी जुन्नरचे, तर कोणी धारूरचे नाव पुढे केले. प्रसिद्ध आणि भव्य स्थळच प्राचीन नगर असले पाहिजे, हा या शोधातला अर्धा दोष होता. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिले आणि पुढे तेथील उत्खननांत सापडलेल्या सातवाहनकालीन अवशेषांनी त्यास बळकटी आली.

तगर आणि तेर हे शब्द कानाला परके वाटतात, म्हणून हा संबंध ओढूनताणून जुळवल्याची शंका घेतली जाते; परंतु प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो, त्या जागी ‘य’ येतो आणि पुढे स्वरांचा संकोच होऊन ‘ए’ उरतो. नगर–नयर–नेर याच वाटेने पारनेर, जामनेर, अंमळनेर ही नावे घडली. तगर–तयर–तेर ही त्यांचीच भावंडे होत. ऐकताना सारखी वाटणारी रत्नापूर आणि लातूर ही जोडी अशा नियमात बसवता येत नाही, तर विसंगत भासणारी तगर आणि तेर ही जोडी चपखल बसते.

नांदेडबाबत नऊ नंदांची कथा सांगितली जाते. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातील वाशीम ताम्रपटात, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या दानलेखात, ‘नांदीकड’ हे प्रदेशनाम असून ते नांदेडशी जुळवले जाते. त्यात नवाचा आकडा कोठेही नाही.

काही गैरसमज मात्र प्राचीन नसून कारभारातून आलेले आहेत. गावाच्या नावापुढील ‘बुद्रुक’ हा फारसी ‘बुजुर्ग’, म्हणजे वडील किंवा थोरले, याचा मराठी अवतार आणि ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. ही विशेषणे दप्तरात नोंद झाली त्या काळच्या मानाने दिलेली असल्यामुळे आज खुर्द गाव बुद्रुकपेक्षा मोठे आढळले तर त्यात कोणाचीही चूक नसते. रेल्वेने याहून वेगळा घोळ घातला. 1897 मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद रुळांची गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. तिच्या आरंभस्थानाला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, त्या वेळी ‘बार्शी रोड’ म्हणत. स्थानकाच्या नावातील ‘रोड’ एवढेच सांगतो की येथे उतरून त्या गावाचा रस्ता धरावा. मुरुडजवळच्या ‘औसा रोड’ स्थानकावर उतरून औशाचा किल्ला शोधणाऱ्या प्रवाशाला तेथून पुढे दुसरे वाहन पाहावेच लागते.