पिएन्झा : दरीच्या ओढीने घडलेलं गाव

इटलीत सिएनाच्या दक्षिणेला, ओर्चा नदीच्या खोऱ्यावरच्या टेकडीवर पिएन्झा हे जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव आहे. त्याचं जुनं नाव कोर्सिन्यानो. सिएनाच्या सत्तेतून बाजूला पडलेल्या पिकोलोमिनी या सरदार घराण्यात १४०५ साली इथे एनिया सिल्वियोचा जन्म झाला. गावाबाहेर, उतारावरच्या जुन्या रोमनेस्क चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. गोल मनोरा आणि दारावर कोरलेली दोन शेपट्यांची जलपरी पाहायला तिथपर्यंत चालत जायलाच हवं.

कवी आणि मुत्सद्दी म्हणून नाव कमावलेला एनिया १४५८ मध्ये पोप पायस दुसरा झाला. पुढच्या वर्षी तो गावी आला, तेव्हा बालपणीचे सवंगडी म्हातारे झालेले, घरं मोडकळीला आलेली. त्याने गाव नव्याने बांधायला काढलं आणि काम बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुविशारदावर सोपवलं.

मुख्य चौक लहान आहे, पण त्याच्या बाजू समांतर नाहीत. कॅथेड्रलकडे तो रुंदावत जातो, त्यामुळे आहे त्यापेक्षा ऐसपैस भासतो. एका अंगाला पिकोलोमिनी वाडा, समोर कार्डिनल रोद्रिगो बोर्जाचा. हाच बोर्जा पुढे पोप अलेक्झांडर सहावा झाला. पिकोलोमिनी वाड्याची रस्त्याकडची बाजू फ्लॉरेन्सच्या रुचेल्लाई वाड्याच्या वळणाची, शिस्तशीर आहे. खरी श्रीमंती मागे आहे. तिथे एकावर एक तीन मजली सज्जे, खाली भिंतीच्या आधाराने उचललेली बाग आणि पलीकडे थेट आमियाता पर्वतापर्यंत पसरलेलं खोरं. निव्वळ देखाव्यासाठी घराची अख्खी बाजू मोकळी सोडणं ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट होती.

कॅथेड्रललाही हीच ओढ नडली. दक्षिणेचा उजेड भरभरून आत यावा म्हणून वेदीकडचा भाग पार कड्यावर नेला. जर्मन मुलखात पाहिलेल्या चर्चसारखे तिन्ही दालनांचे छत पोपने एकाच उंचीचे ठेवायला लावले. पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या, सिएनाच्या चित्रकारांची वेदीचित्रं. आतला उजेड आजही थक्क करतो. १४६२ मध्ये खास फर्मान काढून पोपने भिंतींवर चित्रं रंगवायला, रचनेत काही बदलायला मनाई केली. जमिनीने मात्र ते फर्मान मानलं नाही. माती खचत गेली, भिंतींना तडे गेले, आणि शतकानुशतकं डागडुजी चालूच राहिली.

खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे, पन्नास हजार डुकाटांवर गेला. रोस्सेल्लिनो आता रागावणी ऐकणार असं सगळ्यांना वाटलं. पोपने उलट त्याची पाठ थोपटली, शंभर डुकाट आणि किरमिजी झगा बक्षीस दिला. खरा आकडा आधी सांगितला असता तर हे उभंच राहिलं नसतं, असं त्याचं म्हणणं होतं.

१४६४ मध्ये, धर्मयुद्धाच्या तयारीत असताना पायस आंकोना बंदरात वारला. त्याच्या आग्रहाखातर इथे घरं बांधणाऱ्या कार्डिनलांचं लक्ष उडालं आणि गावाची वाढ तिथेच थांबली. पाच वर्षांच्या आत घडलेलं हे नगर म्हणूनच फारसं न बदलता आपल्यापर्यंत पोचलं. १९९६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.